दारात आल्यावर कळणारी किंमत

१ फेब्रुवारी २०२६ला अर्थसंकल्प मांडताना निर्मला सीतारामन यांनी एक वाक्य उच्चारलं. त्याची म्हणावी तशी चर्चा झाली नाही. स्वतःच्या वापरासाठी परदेशातून मागवलेल्या शुल्कपात्र वस्तूंवरचा सीमाशुल्काचा दर २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणण्याचं ते वाक्य होतं. मला ते फार मोलाचं वाटलं. परदेशी दुकानातून वस्तू मागवणारी मंडळी आता फक्त मलबार हिलवर राहत नाहीत. जपानहून शाईचं पेन मागवणारे लातूरचे शिक्षक असतात, दुर्बिणीचं भिंग मागवणारी साताऱ्याची मुलगी असते, जुन्या शिवणयंत्राचा एखादा भाग साऱ्या भारतात मिळेना म्हणून इंग्लंडातल्या दुकानाला पत्र लिहिणारे कोल्हापूरचे कारागीर असतात. दर निम्म्यावर आला, त्यांचं भलं झालं. पण या सगळ्यांना खरा त्रास होतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. ऑर्डरचं बटण दाबताना वस्तू आपल्याला एकूण कितीला पडणार, हे त्यांना कुणीच सांगत नाही.

माझी भाची नाशिकला व्हायोलिन शिकते. तिच्या गुरुजींनी व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इनफेल्ड कंपनीच्या तारा सुचवल्या. तिने युरोपातल्या एका ऑनलाइन दुकानात त्या शोधल्या. पाठवण्याचे तीन पर्याय दिसत होते: साधं टपाल, नोंदणी टपाल आणि एक्स्प्रेस कुरियर. परीक्षा तोंडावर आली होती, म्हणून कुरियर निवडलं. तारा आठवड्याच्या आत आल्या, बांधणीही सुरेख होती. सोबत बिल आलं. त्यात पहिली ओळ सीमाशुल्काची, दुसरी आयजीएसटीची, म्हणजे आयातीवरच्या जीएसटीची, आणि तिसरी ‘शुल्क आगाऊ भरल्याबद्दलचा आकार’ अशी होती. हा तिसरा आकार मूळ सीमाशुल्कापेक्षा जास्त होता आणि त्यावर पुन्हा जीएसटी लावलेला होता. मेहुण्यांनी पैसे भरले आणि मला फोन केला. सरकारी कराबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. ‘ही तिसरी ओळ आधी का नाही सांगितली?’ एवढंच ते विचारत होते. त्यांचं अगदी बरोबर होतं. कुरियर कंपनी आपल्या वतीने सरकारकडे पैसे भरते, तेव्हा त्या कामाचा मोबदला घ्यायला हरकत नाही. पण मोबदल्याचा आकडा वस्तू ताब्यात देताना कळवायचा, ही रीत गिऱ्हाइकाच्या हिताला धरून नाही.

हिशेब कसा होतो, ते एकदा नीट पाहून ठेवावं. सीमाशुल्क फक्त वस्तूच्या किमतीवर लागतं, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात वस्तूची किंमत, वाहतुकीचं भाडं आणि विमा या तिघांच्या बेरजेवर ते लागतं. समजा, वस्तू ८,००० रुपयांची आहे आणि कुरियरचं भाडं २,५०० रुपये. इथे गिऱ्हाइकाच्या बाजूचा एक नियम आहे. २००७च्या मूल्यनिर्धारण नियमांप्रमाणे विमानाने आलेल्या मालाचं भाडं वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. म्हणजे २,५०० ऐवजी १,६०० रुपयेच धरायचे. विम्याचा आकडा माहीत नसेल तर तो किमतीच्या १.१२५ टक्के, म्हणजे ९० रुपये धरतात. बेरीज झाली ९,६९०. त्यावर १० टक्के सीमाशुल्क ९६९ रुपये आणि या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार सुमारे ९७ रुपये. आता आयजीएसटी. तो या सगळ्या बेरजेवर, म्हणजे १०,७५६ रुपयांवर लागतो. दर १८ टक्के असेल तर १,९३६ रुपये झाले. एकूण कर ३,००२ रुपये. आठ हजारांची वस्तू घरी येईपर्यंत साडेतेरा हजारांची झाली आणि कुरियरचा आकार त्यात अजून धरलेलाच नाही. वस्तूनुसार दर बदलतात, पण हिशेबाची पद्धत हीच राहते. भाडं किमतीच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त दिलं असेल तर बिलावर नेमकं किती भाडं धरलंय, ते जरूर तपासा.

टपाल की कुरियर, हा प्रश्न मला वाचक नेहमी विचारतात. वस्तू हलकी असेल, घाई नसेल आणि किंमत बेताची असेल तर मी टपालाच्याच बाजूने आहे. दोन किलोंपर्यंतचं ‘स्मॉल पॅकेट’ जगभरातली टपाल खाती एकमेकांकडे सोपवतात. १८७४मध्ये स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघाच्या नियमांवर हा व्यवहार चालतो. पाकिटावर सीएन २२ किंवा सीएन २३ नावाचा छापील तक्ता असतो. आत काय आहे, किती किमतीचं आहे, ते पाठवणाऱ्याने त्यावर लिहायचं असतं. मुंबईत बॅलार्ड इस्टेटमध्ये विदेशी टपालाची कचेरी आहे. तिथले सीमाशुल्क अधिकारी हा तक्ता बघतात, गरज वाटली तर पाकीट उघडतात, शुल्क ठरवतात, आणि ते पैसे पोस्टमन दारात घेतो. टपाल खात्याचा स्वतःचा आकार कुरियरच्या मानाने किरकोळ असतो. पाकीट उघडल्यावर अधिकाऱ्याला किंमत पटली नाही तर पावती आणि ओळखपत्र मागवणारं पत्र येतं. त्या पत्राकडे दुर्लक्ष झालं की पार्सल परत जातं. म्हणून ऑर्डरची पावती छापून ठेवावी, बँकेचा पैसे गेल्याचा निरोपही जपावा. आकारणी फारच चुकीची वाटली तर पाकीट न फोडता पोस्टामार्फत फेरआकारणीची मागणी करता येते. पाकीट एकदा फोडलं की बोलणं अवघड होतं.

टपालाचा तेरा अक्षरांचा क्रमांक वाचायला शिकून घ्यावा, असंही मी सांगेन. पहिलं अक्षर ‘ई’ असेल तर ते ईएमएस, म्हणजे टपालाची जलद सेवा. ‘सी’ म्हणजे पार्सल, ‘आर’ म्हणजे नोंदणी टपाल. शेवटची दोन अक्षरं पाठवणाऱ्या देशाची असतात: ‘जेपी’ जपान, ‘डीई’ जर्मनी. विक्रेत्याने नोंदणी टपालाचे पैसे घेतले आणि क्रमांक भलत्याच अक्षराने सुरू होत असेल, तर त्याला तिथेच विचारता येतं. महागडी, नाजूक किंवा ठरावीक तारखेला हवी असलेली वस्तू मात्र कुरियरनेच मागवावी. केवायसीसाठी आधार किंवा पॅन लागतं, ते आधीच देऊन ठेवलं तर वस्तू विमानतळावर अडकत नाही.

विक्रेता कधीकधी आपुलकीने विचारतो, ‘गिफ्ट लिहू का? किंमत दहा डॉलर टाकू का?’ याला स्वच्छ नकार द्यावा. पूर्वी ठरावीक किमतीपर्यंतच्या भेटवस्तू शुल्काशिवाय येत असत. त्या सवलतीचा फायदा घेऊन काही परदेशी संकेतस्थळं कपड्यांचे आणि खेळण्यांचे ढीग ‘भेट’ म्हणून पाठवू लागली आणि १२ डिसेंबर २०१९ला सरकारने ती वाट बंद केली. भेट म्हणून शुल्कमुक्त सोडवून घेण्याची मुभा आता फक्त जीवनरक्षक औषधांना आणि राखीला आहे. राखीलाही ती एका जुन्या कलमाच्या आधाराने मिळते. सीमाशुल्क कायद्याच्या कलम २५ (६) नुसार शुल्क १०० रुपये किंवा त्याहून कमी होत असेल तर ते वसूलच करत नाहीत. राखीबरोबर चॉकलेटचा डबा आला की तो डबा सवलतीत बसत नाही. परदेशातल्या बहिणींना हे श्रावण लागण्याआधी कळवून ठेवावं. किंमत खोटी लिहिली तर माल जप्त होऊ शकतो, दंड होऊ शकतो, आणि वाटेत वस्तू हरवली तर भरपाईही त्या दहा डॉलरांच्या हिशेबाने मिळते.

काही वस्तू तर मागवूच नयेत. लग्नाचं चित्रीकरण करणाऱ्या तरुणांनी लक्षात घ्यावं, की तयार ड्रोनच्या आयातीवर ९ फेब्रुवारी २०२२पासून बंदी आहे. बागेची आवड असणाऱ्यांनी परदेशातून बियाणं सहज म्हणून मागवू नये, त्याला वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो.

आता मला सर्वांत जास्त काळजी वाटते त्या गोष्टीकडे येतो. ‘तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, या लिंकवर पैसे भरा’ असे निरोप महाराष्ट्रात घरोघरी येताहेत. परदेशी मित्र म्हणवणारा कुणी ‘भेट पाठवलीय’ सांगतो, मग सीमाशुल्क अधिकारी म्हणून दुसऱ्याच माणसाचा फोन येतो, आणि निवृत्त माणसांचे लाखो रुपये जातात. सीमाशुल्क विभाग कुणालाही फोन करून खासगी खात्यात पैसे भरायला सांगत नाही. विभागाच्या पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो आणि तो सीबीआयसीच्या, म्हणजे केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या, संकेतस्थळावर पडताळता येतो. एवढं माहीत असूनही माणसं का फसतात? माझ्या मते, खरी मागणी कशी असते हे त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. खरं शुल्कही अचानक येतं, त्याचा आकडाही आधी माहीत नसतो, तेही वस्तू हातात येण्याआधी भरावं लागतं. खऱ्याखोट्यातला फरक ओळखायला सामान्य माणसाकडे काही साधनच उरत नाही. किंमत आधी जाहीर झाली असती तर चोराला बोलायला जागा राहिली नसती.

आणि आधी जाहीर करणं अशक्य नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१८पासून १,००० डॉलरपर्यंतच्या आयात वस्तूंवरचा १० टक्के जीएसटी मोठ्या विक्री संकेतस्थळांना विक्रीच्या वेळीच घ्यायला लावला. युरोपीय संघाने १ जुलै २०२१पासून १५० युरोपर्यंतच्या वस्तूंसाठी तशी सोय केली. मेलबर्नला राहणाऱ्या मराठी माणसाला लहानसहान वस्तू मागवताना कराचा आकडा पैसे भरायच्या पानावरच दिसतो. कर त्यालाही द्यावाच लागतो, फक्त त्याला अंधारात ठेवलं जात नाही.

आपल्याकडे उलट बाजूने, म्हणजे पाठवणाऱ्याच्या बाजूने, अशी सोय नसली की काय होतं याचा अनुभव २०२५च्या दिवाळीत आला. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवर शुल्क लागत नसे. पुण्या-ठाण्याच्या फराळवाल्यांचा आणि घराघरांतल्या आयांचा सगळा कारभार त्या सवलतीवर उभा होता. २९ ऑगस्ट २०२५ला ती सवलत सगळ्या देशांसाठी संपली. शुल्क कुणी आणि कसं गोळा करायचं, याची व्यवस्था लागली नव्हती. विमान कंपन्या पार्सलं घेईनात, म्हणून भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासूनच अमेरिकेची पार्सलं थांबवली. आधी १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू चालू होत्या, काही दिवसांत त्याही बंद झाल्या. सेवा पुन्हा सुरू झाली ती १५ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या दोन दिवस आधी. चकल्या आणि अनारसे टपालाने न्यू जर्सीला वेळेत पोचवायला उशीर झाला होता. ज्यांना परवडलं त्यांनी कुरियरला जास्त पैसे मोजले. बाकीच्यांच्या मुलाबाळांना त्या वर्षी घरचा डबा गेला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

त्या १५ ऑक्टोबरच्या व्यवस्थेत एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी होती. जाहीर किमतीच्या ५० टक्के हा दर जाचक होता, त्याबद्दल दुमत नाही. पण ते शुल्क इथेच, पार्सल देतानाच भरून घेतलं जात होतं. आईला पोस्टात उभं असतानाच एकूण आकडा कळत होता, आणि अमेरिकेत लेकीच्या दारात कुणी पैसे मागत नव्हतं.

येणाऱ्या पार्सलांसाठी आपण एवढं तरी मागायलाच हवं. सीमाशुल्क विभागाच्या आइसगेट संकेतस्थळावर शुल्क काढण्याचं साधन आहे, पण ते वस्तूचा आठ आकडी सांकेतांक विचारतं. व्हायोलिनच्या तारा मागवणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीने तो कुठून आणायचा? वस्तूचं नाव मराठीत लिहिलं की दर दिसेल, अशी सोय अवघड नाही. कुरियर कंपन्यांना आपला आकार ऑर्डरच्या वेळी दाखवणं बंधनकारक करावं. पार्सल बॅलार्ड इस्टेटला पोचून आकारणी झाली की त्याच दिवशी कुठल्या कराचे किती रुपये, हे टपाल खात्याच्या पानावर क्रमांकासमोर दिसावं. अमेरिकेला जाणाऱ्या पार्सलांचं शुल्क आगाऊ मोजून घेण्याची यंत्रणा याच खात्याने दोन महिन्यांच्या आत उभी करून दाखवली आहे. परदेशातून येणाऱ्या पार्सलांसाठी ती कधी उभी राहणार, हे आपल्या खासदारांनी संसदेत विचारावं.