हसत केलेली आलोचना

विनोदी नट शरद तळवलकर यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘गुदगुल्या’ हे नाव दिले. नाव खेळकर आहे. पण त्यात एक अवघड गोष्ट दडलेली आहे. दुसऱ्याला गुदगुल्या करता येतात; स्वतःला केल्या तर हसू येत नाही. आत्मचरित्र लिहिणाऱ्या विनोदी नटाला मात्र नेमके हेच साधावे लागते. आयुष्यभर परक्याच्या फजितीचे सोंग घेतल्यावर आता स्वतःच्या फजितीवर, तेही सर्वांदेखत, हसायचे असते.

तळवलकरांनी रंगभूमीवर ‘एकच प्याला’तील तळीराम रंगविला. तळीराम प्रेक्षकांना हसवतो आणि हसवता हसवता सुधाकराला नाशाच्या वाटेवर नेतो. पुढे 1985 सालच्या ‘धूमधडाका’ चित्रपटात त्यांनी धनाजी वाकडे हा उद्योगपती साकारला. श्रीमंत व्याह्याच्या मोहात फसणारा तो बाप पाहून पेढीवरच्या माणसालाही हसू आवरत नाही. कारण तो कुठेतरी ओळखीचा असतो. पडद्यावर मात्र फसतो तो धनाजी, नट नव्हे. आत्मचरित्रात असा आडोसा उरत नाही.

आणि फजिती नेहमीच लहान नसते. चिंतामणराव कोल्हटकर यांनी 1918 साली मास्टर दीनानाथ आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बळवंत संगीत मंडळी उभारली. बोलपट आले, प्रेक्षक तिकडे वळला, म्हणून मंडळीनेही बोलपटात उडी घेतली. ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा चित्रपट निघाला. पण तो व्यवहार आतबट्ट्याचा ठरला आणि नावलौकिकाची संस्था कर्जात बुडाली. याच कोल्हटकरांनी आत्मचरित्राला नाव दिले ‘बहुरूपी’. दारोदार सोंगे दाखवून पसाभर धान्य मागणाऱ्याचे ते नाव. 1958 साली त्या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. स्वतःला इतक्या सहजपणे लहान म्हणवून घ्यायला मोठेच मन लागते.

जैन वाचकाला हा स्वर परका नाही. ‘समयसार नाटक’ रचणारे कविवर बनारसीदास हे व्यापारी होते. 1641 साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र लिहिले. व्यापारात खोट आली, आग्र्यात महिनोन्‌महिने कचोरीवाल्याच्या उधारीवर दिवस काढले, हे त्यांनी लपविले नाही. मित्रांसह बंद खोलीत वस्त्रे टाकून मुनीपणाचे सोंग केले, तेही लिहिले. शेवटी गुणांबरोबर दोषांची यादी दिली आणि एकांतात आपण नाचतो, हेही त्यात नमूद केले! रंगमंचावर कधी न चढलेला हा श्रावक नटांच्या पंक्तीत शोभून दिसतो.

गुरूसमोर दोष जसाच्या तसा सांगणे, याला आपल्याकडे आलोचना म्हणतात. स्वतःवर हसणे म्हणजे आलोचना नव्हे. हसून दोष उडवूनही लावता येतो. पण जे हसू दोष झाकत नाही, उलट तो सांगण्याचे बळ देते, ते आलोचनेच्या फार जवळ जाते.

व्यापारी घरांत आजोबांच्या यशाच्या कथा नातवंडांना पाठ असतात. बुडालेला सौदा, चुकलेला अंदाज, गर्वापायी तुटलेली भागीदारी, यांची पाने मात्र कोणी उघडत नाही. रोजमेळात नावेची बाजू न लिहिणारा मुनीम एक दिवसही पेढीवर टिकणार नाही. घराच्या इतिहासात मात्र तसेच लिहिले जाते. मग पहिली खोट आली की तरुणाला वाटते, या घराण्यात हरलेला आपण पहिलाच. त्या एकटेपणात तो तोंड लपवितो, कर्ज लपवितो.

अशा वेळी आजोबांनी जवळ बसवून, हसत हसत, आपल्या एका फजितीची गोष्ट सांगितली, तर ती कोणत्याही उपदेशाहून अधिक उपयोगी पडेल. क्षमावाणीला सारे घर एकत्र येते. त्या दिवशी क्षमा मागून झाल्यावर ही एक गोष्टही सांगावी.