कोर्टातच भेटू

म्हैसुरात नोकरीधंद्यानिमित्त स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांचा सार्वजनिक व्यवहार आता बहुतांशी व्हॉट्सॲपच्या गटांवर चालतो, आणि गणेशोत्सव उरकून वर्गणीचा हिशेब विचारला जाऊ लागला की तेथे एक वाक्य हमखास उमटते : ‘आता कोर्टातच भेटू.’ या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे की सदरलेखकाला भांडणाचे वावडे नाही, किंबहुना मांडवाच्या भाड्यावरून रंगलेला चांगला वाद त्याला आरतीइतकाच प्रिय आहे. त्याची तक्रार आहे ती वाद ऐन रंगात आला असता उत्तराऐवजी वकिलाचे नाव पुढे करणाऱ्या सभासदाविषयी.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. परंतु हा गुन्हा अदखलपात्र, म्हणजे पोलिसांना दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून तपास करता येत नाही असा असून, ज्याची बदनामी झाली त्याने स्वतः दंडाधिकाऱ्याकडे फिर्याद न्यावी लागते, तर नुकसानभरपाईचा दिवाणी दावा एका वर्षाच्या आत दाखल करावा लागतो. वकिलाची नोटीस हे वकिलाने लिहिलेले पत्र असते, न्यायालयाचा हुकूम नव्हे.

एवढे साधे असूनही धमकी पडताच गटाच्या ॲडमिनची जी त्रेधा उडते ती अभ्यासण्याजोगी आहे. धमकी देणाऱ्याला तो काही म्हणत नाही. ज्याने हिशेब विचारला त्यालाच खासगीत फोन करून ‘जाऊ द्या हो, कशाला वाढवता’ असे विनवतो, मूळ प्रश्न पुसून टाकतो आणि गट चार दिवस ‘फक्त ॲडमिन’ या कुलपात ठेवतो, त्यामुळे दावा न लावता दावा जिंकण्याची सोय धमकी देणाऱ्यास आपोआप होते. ॲडमिनची भीती बरीचशी निराधार आहे. गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी असा निर्णय दिला की सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, दोघांचा समान हेतू किंवा पूर्वनियोजित कट दिसत नसेल तर, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, कारण सभासद घेणे व काढणे याखेरीज त्याच्या हाती फारसे काही नसते आणि मजकूर पडण्यापूर्वी तो चाळण्याची सोय त्याला नाही. पुढे २०२२ मध्ये व्हॉट्सॲपने दुसऱ्याचा मजकूर सर्वांसाठी पुसण्याचा अधिकार ॲडमिनच्या हाती दिला, तेव्हा ‘दिसत होते तर पुसले का नाही’ असा प्रश्न एखादा वकील विचारील हे खरे. पण पुसण्याचा हा अधिकार हिशेबाच्या प्रश्नावरच चालवावा असे कोठेही सांगितलेले नाही.

विकिपीडिया या सर्वांनी मिळून लिहिलेल्या ज्ञानकोशाच्या इंग्रजी आवृत्तीत या बाबतीत एक नियम रूढ आहे. सहलेखकाला कायदेशीर कारवाईची धमकी देणाऱ्याचे संपादन रोखले जाते आणि धमकी मागे घेईपर्यंत किंवा प्रकरण निकाली निघेपर्यंत ते तसेच राहते. न्यायालयात जाण्याचा त्याचा हक्क मात्र कोणी हिरावत नाही. एका वेळी एकच व्यासपीठ, एवढाच त्यामागचा विचार आहे. गणेशोत्सवाच्या गटांना तो सहज घेता येईल, परंतु गटात काका-मामांचा भरणा असल्याने तो कोणी घेणार नाही.

खरे तर मराठी सार्वजनिक जीवनाला अब्रुनुकसानीचे इतके भय वाटू नये, कारण त्याची जडणघडणच अशा खटल्यांत झाली आहे. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांनी भरलेल्या खटल्यात १८८२ साली टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. ज्या पत्रांवर विसंबून बर्व्यांविरुद्ध मजकूर छापला होता ती बनावट निघाली होती, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने बाजू लंगडीच होती, तरीही दोघे १०१ दिवसांनी सुटले ते लोकप्रिय होऊन, आणि आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगावर एक पुस्तक लिहिता आले. टिळक स्वतः वादी झाले तेव्हा मात्र फळ उलटे मिळाले. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने १९१० च्या पुस्तकात त्यांना हिंदी असंतोषाचे जनक ठरवले, त्या पुस्तकातील आरोपांविरुद्ध ते लंडनच्या न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९१९ मध्ये खटला हरून मोठ्या खर्चात पडले. ज्या पुस्तकासाठी त्यांनी चिरोलला कोर्टात खेचले त्यातलेच ते विशेषण आज त्यांच्या जयंतीच्या भाषणांत गौरवाने उच्चारले जाते.

म्हैसूरच्या वाट्याला आलेले माधवराव निराळे. विश्वनाथ पाटणकर माधवराव हे कुंभकोणमच्या तंजावरी मराठी कुटुंबातले, १९०६ ते १९०९ या काळात म्हैसूरचे दिवाण. १९०७ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत संस्थानात कायदे मंडळ, म्हणजे विधेयकांवर चर्चा करणारी सभा, सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सरकारी परवानगीवाचून वृत्तपत्र काढता येऊ नये असा कायदाही आला. त्यांची गणना धमकी देऊन गप्प बसणाऱ्यांत होत नाही, त्यांनी धमकीचाच कायदा केला. येथील मरिमल्लप्पा शाळेचे मुख्याध्यापक आणि संपादक एम. वेंकटकृष्णय्या, ज्यांना गाव तातय्या म्हणे, यांनी त्याच्या निषेधार्थ आपली वृत्तपत्रे बंद केली. तातय्यांचा मान त्याने वाढला, यात शंका नाही. पण दिवाणांना जे हवे होते तेही त्यांना मिळालेच, आणि गट सोडून निघून जाणाऱ्या मानी सभासदांनी या हिशेबाकडे एकदा पाहावे.

माधवरावांचे पुढे काय झाले हे इतिहासप्रेमी वाचक विचारतीलच. ते बडोद्याचे दिवाण झाले, निवृत्तीनंतर राष्ट्रीय सभेकडे वळले, आणि १९१९ मध्ये माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांवर पार्लमेंटच्या समितीपुढे सभेची बाजू मांडायला लंडनला गेले, जेथे त्याच कामासाठी चिरोल खटला हरलेले टिळकही होते.