सिंहासन एकाचे, सही दुसऱ्याची

खाते कोणाच्या नावावर आहे, यापेक्षा सही कोणाची चालते हे महत्त्वाचे, हे बँकेत लवकर कळते. जपानच्या दरबाराला हे हजार वर्षांपूर्वीच कळले होते. सम्राट सूर्यदेवीचा वंशज, म्हणून त्याची गादी कोणी घ्यायची नाही. कारभार तेवढा आपल्या हाती ठेवायचा. अज्ञान सम्राटाचा कारभारी तो 'सेश्शो', सज्ञानाचा 'काम्पाकू'.

८६६ मध्ये फुजिवारा योशिफुसा सेश्शो झाले. राजघराण्याबाहेरचे ते पहिलेच. गादीवर त्यांचा नातू होता. मुलगी राजवाड्यात द्यायची आणि नातवाच्या नावाने राज्य करायचे, ही फुजिवारांची रीत. दोन्ही पदे १८६८ च्या जानेवारीत रद्द झाली. पुढे राजप्रतिनिधीची तरतूद कायद्यात आली. हिरोहितो १९२१ ते १९२६ वडिलांचे प्रतिनिधी होते.

२०१६ मध्ये ८२ वर्षांच्या अकिहितोंपुढेही तोच मार्ग होता. पण प्रतिनिधी नेमला, तरी कर्तव्य न बजावता सम्राट मरेपर्यंत पदावर राहतोच, हे त्यांनी बोलून दाखवले. २०१७ मध्ये खास कायदा झाला आणि ३० एप्रिल २०१९ रोजी ते पायउतार झाले. थकल्यावर पद सोडण्यातही प्रतिष्ठा असते, हे त्यांनी दाखवले.

प्रश्न उरतो लेकींचा. पूर्वी आठ स्त्रिया या सिंहासनावर बसल्या. १८८९ पासून मात्र वारसा पुरुषांपुरताच ठरला. १९४७ च्या कायद्यानेही तेच कायम ठेवले. म्हणून नारुहितोंची एकुलती एक कन्या आइको वारस नाही. एके काळी लेकींच्या आधाराने सत्ता मिळवली गेली. आता त्याच लेकींना दार बंद, हा कोणता न्याय?