परदेशी जाताना खिशात कोणते चलन?

शिरूर-दौंडमधून आता मुलांकडे निघालेले आई-वडील परदेशी जातात, रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांतले कर्मचारी जातात, दुबईचे पर्यटकही. ‘डॉलर घ्या, कुठेही चालतात’ हा सल्ला बहुतेकांना मिळतो. तो अर्धाच खरा.

दुबईसाठी रुपयांचे डॉलर आणि तिथे डॉलरचे दिरहम केले, तर दलाली दोनदा जाते. एका डॉलरला ३.६७२५ दिरहम हा दर १९९७पासून बांधलेला आहे. त्यामुळे डॉलर नेऊन चढ्या भावाचा लाभही नाही. पुण्यातूनच दिरहम घ्यावेत. व्हिएतनामचे डोंग मात्र इकडे सहज मिळत नाहीत. तिथे डॉलरच बरे, तेही शंभराच्या कोऱ्या नोटांत. मळकी, फाटकी नोट अनेकदा परत येते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बहुतेक देशांसाठी एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंतच रोकड नेता येते. उरलेली रक्कम फॉरेक्स कार्डवर.

बँकेचे नेहमीचे कार्ड वापरले, तर दुकानातले यंत्र ‘रुपयांत की स्थानिक चलनात?’ असे विचारते. रुपये ओळखीचे वाटतात, पण त्या दरात जादा आकार दडलेला असतो. स्थानिक चलनच निवडावे. परतल्यावर २,००० डॉलरपर्यंत नोटा घरी ठेवता येतात. बाकीच्या १८० दिवसांत बँकेत किंवा अधिकृत विनिमय केंद्रात द्याव्या लागतात.