अग्निशामकाची जागा

गणपतीपुळ्यास येणारा भाविक स्वयंभू गणेशाचे दर्शन घेतो, देवळामागील डोंगराला प्रदक्षिणा घालतो आणि पुष्कळदा गावातल्याच एखाद्या घरी मुक्कामास उतरतो. निवास-न्याहारीच्या या व्यवसायाने किनाऱ्यावरील घरांना उत्पन्नाचे साधन मिळवून दिले, हे चांगलेच झाले. परंतु त्याबरोबर घरचे स्वयंपाकघर खानावळीचे काम करू लागले. तेथे गॅसची मोठी शेगडी आली, तेलाची कढई तासन् तास तापू लागली. अशा घरात अग्निशामक नळकांडे असावे, याविषयी दुमत होणार नाही. ते कोठे असावे, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

नळकांडे शेगडीलगत टांगणे सोयीचे वाटते. पण कढईतील तेलाने पेट घेतला, तर त्यापर्यंत पोचण्यासाठी ज्वाळांतूनच हात घालावा लागेल. ते कोठीच्या खोलीत पोत्यांमागे ठेवले, तर शोधण्यातच मोलाची मिनिटे जातील. आग समोर आणि बाहेरची वाट पाठीशी असावी, हा येथील मूळ नियम होय. म्हणून माजघरातून स्वयंपाकघरात जाण्याच्या दाराजवळ, शेगडीपासून दूर, घरातील थोरामोठ्यांच्या हाताला सहज येईल अशा उंचीवर ते असावे. पाहुण्यांच्या खोल्या माडीवर असतील, तर दुसरे नळकांडे जिन्याजवळ हवे. परक्या घरात उतरलेल्या माणसाला ते न विचारता दिसले पाहिजे.

सागरी मार्गाने रत्नागिरी येथून सुमारे २५ किलोमीटर दूर आहे. बंब तेथून निघाला, तरी पहिली काही मिनिटे घरच्यांनाच निभवावी लागणार. घरगुती वापराचे लहान नळकांडे मात्र दहाएक सेकंदांत रिते होते. तेवढ्यात आग आटोक्यात आली नाही, तर माणसांनी बाहेर पडावे हेच शहाणपण. जळत्या तेलावर पाणी ओतू नये. शक्य असेल तर प्रथम गॅस बंद करावा. खाऱ्या हवेने लोखंड लवकर गंजते. तेव्हा दाबदर्शकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही आणि नळकांडे गंजलेले तर नाही ना, हे महिन्यातून एकदा पाहावे.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझविताना ६६ अग्निशमन जवानांनी प्राण गमावले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी अग्निशमन सेवा दिन व सप्ताह पाळला जातो. त्या सप्ताहात भाषणे होतात, प्रात्यक्षिके होतात. शिक्षकांनी त्यास एका प्रश्नाची जोड द्यावी: आपल्या घरी नळकांडे कोठे आहे आणि तेथून बाहेर पडण्याची वाट कोणती? या प्रश्नाचे उत्तर ज्या घरातील मूल अडखळल्यावाचून देईल, त्या घराने निम्मी तयारी केली असे समजावे. उरलेली निम्मी, एक खिळा ठोकून नळकांडे योग्य जागी टांगण्याइतकीच सोपी आहे.