मीटर वाचणारा आला नाही, बिल मात्र आले
(बी. कॉम., तृतीय वर्ष)

२०२४ च्या डिसेंबरात आमच्या घरी विजेचे बिल आले ते १६,६४० रुपयांचे. त्याआधीचे सोळा महिने बिल शून्य येत होते. बाबा फौंड्रीत काम करतात. त्यांच्या पगारातून पतसंस्थेचा हप्ता वजा जाता जे हाती पडते, त्याहून हा आकडा मोठा होता. आईला वाटले, कुणा कारखानदाराचे बिल चुकून आमच्या दारात पडले असावे. पण नाव आमचेच होते, आणि एका महिन्याचा वापर छापला होता २,५४८ युनिटे. आमच्या घरात तीन पंखे, एक फ्रीज, मिक्सर, आईची मोटार लावलेली शिलाई मशीन आणि टाकीत पाणी चढवणारा लहान पंप आहे. एका महिन्यात अडीच हजार युनिटे जाळायची तर पिठाची गिरणीच हवी.

हे झाले कसे, ते सांगतो. आमचा मीटर आतल्या पडवीत आहे. आजी होती तोवर दिवसभर दार उघडे असे. मीटर वाचणारा आत येई, पाणी पिऊन जाई. २०२२ च्या मार्चमध्ये आजी गेली. आई शाळेत मध्यान्ह आहाराच्या स्वयंपाकाला जाऊ लागली, मी कॉलेजात, बाबा कामावर. दाराला कुलूप. नियमाप्रमाणे अशा वेळी 'घर बंद' अशी नोंद करून सरासरीचे बिल द्यावयाचे असते. आमच्याकडे येणाऱ्याने तसे केले नाही. त्याने बाहेर उभे राहून मनाने एक आकडा मशीनमध्ये घातला आणि बिल दाराच्या फटीतून आत सरकवले. एप्रिल २०२२ पासून ऑक्टोबर २०२४ पर्यंत, एकतीस महिने! मग माणूस बदलला. नवा मुलगा रविवारी आला, मीटरवर खरा आकडा पाहिला आणि तो जसाच्या तसा घातला.

आई सगळी बिले तारेला टोचून ठेवते. ती तार मी खाली काढली आणि आकडे वहीत उतरवले. ५२, ५४, ५१, ५२, ५०, ५३... उन्हाळा असो, पावसाळा असो, सरासरी ५२. मे २०२३ मध्ये आम्ही घराला कुलूप लावून बारा दिवस मामांच्या गावी होतो. त्या महिन्यातही ५२! खऱ्या घराचा मीटर असा वागत नाही. अकौंटन्सीच्या वर्गात सर म्हणतात की खोटी खतावणी बहुधा फार नीटनेटकी असते. ते मला त्या रात्री पटले.

आता हिशेब पाहा. मीटर खोटा नव्हता. एकतीस महिन्यांत आमची सरासरी महिना १३० युनिटे पडली. बिले झाली ५२ ची. म्हणजे दर महिन्याला ७८ युनिटे मागे राहिली. एकतीस महिन्यांची २,४१८. त्यात नोव्हेंबरची १३० मिळवली की २,५४८. बेरीज बरोबर आहे. १ एप्रिल २०२४ पासून घरगुती वापराला युनिटमागे ५ रुपये ९० पैसे असा एकच दर झाला. त्या दराने १५,०३३ रुपये, वर स्थिर आकार व कर. ह्या बेरजेत मला एका पैशाचीही चूक काढता आली नाही.

म्हणून आमच्या वर्गातील काही मित्र म्हणाले, "जाळलीत ना? मग भरा." दुसरे काही म्हणाले, "भरूच नका, चूक त्यांची आहे, माफ करून घ्या." मला दोन्ही मते मान्य नाहीत. दुसऱ्या मताचे आधी सांगतो. वीज आम्ही वापरली हे खरे आहे. तिचे पैसे आम्ही दिले नाहीत तर ते हवेत विरत नाहीत. वीज कंपनीचा तोटा पुढच्या दरवाढीत मिसळतो आणि वेळच्या वेळी बिल भरणाऱ्या एखाद्या विधवेच्या बिलावर चढतो. वापरलेल्या मालाची किंमत देणे लागते, हे मामांच्या किराणा दुकानातील पोऱ्यालाही ठाऊक असते.

पण पहिले मत त्याहून अधिक फसवे आहे, कारण ते ऐकायला न्यायाचे वाटते. जाळली, हे कबूल. पण कधी जाळली? एका महिन्यात नव्हे. आणि हा 'कधी' ह्या बिलात सर्वांत महाग ठरला आहे.

कर्नाटकात जुलै २०२३ च्या वापरापासून गृहज्योती योजना लागू झाली. घराची २०२२-२३ ह्या वर्षाची मासिक सरासरी काढायची, तीत दहा टक्के मिळवायचे, तेवढी युनिटे फुकट. मात्र २०० च्या वर वापर गेला की सगळे बिल भरावयाचे. आमची खरी सरासरी धरली असती तर १३० अधिक १३, म्हणजे १४३ युनिटे फुकट मिळाली असती आणि आमचे बिल हक्काने शून्य आले असते. पण २०२२-२३ हे सारेच वर्ष त्या खोट्या बावन्नाचे! म्हणून आमच्या वाट्याला आली ५७ युनिटे. कागदावरचा वापर ५२, हक्क ५७, बिल शून्य. आम्ही खूश. शून्याचे बिल कोण वाचतो? आणि शेवटी सगळी युनिटे एका महिन्यात ओतली तेव्हा २०० ची मर्यादा कधीच मागे पडलेली होती, म्हणून त्या महिन्याचीही सवलत गेली. एकाच माणसाच्या आळसाने आमची आधी सरासरी खाल्ली आणि मग सवलत खाल्ली.

माझ्या मते खरी बाकी किती, ते सांगतो. योजना सुरू होण्यापूर्वीचे पंधरा महिने, दर महिन्याला ७८, एकूण १,१७० युनिटे. त्यांचे पैसे आम्ही देणे लागतो, आणि तेही त्या त्या काळच्या दराने. त्या बिलातलाच दर लावला तरी ते ६,९०३ रुपये होतात. पुढच्या सोळा महिन्यांची १,२४८ आणि नोव्हेंबरची १३० युनिटे, ह्यांचे ८,१३० रुपये आमच्याकडून मागणे म्हणजे कंपनीच्या चुकीचा दंड ग्राहकाने भरणे होय. कोणत्या महिन्यात नेमकी किती युनिटे जळाली हे आता परमेश्वरालाही सांगता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण मग महिन्यांवर सारखी वाटणी करणे हाच त्यातल्या त्यात खरेपणाचा मार्ग नव्हे काय? जो खर्च ज्या काळाचा, तो त्या काळाच्या खाती, हे तत्त्व आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात.

हे सर्व सांगायला मी बाबांबरोबर कार्यालयात गेलो. तेथील गृहस्थ रागावले नाहीत. त्यांनी वही पाहिली, मान हलवली आणि म्हणाले, "बरेदु कोडु, तम्मा." लिहून दे. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला 'मान्यरे' अशी सुरुवात करून कन्नड अर्ज लिहायला एक अख्खी संध्याकाळ लागली. बाबा कन्नड बोलतात, पण वाचत नाहीत. आमच्या गल्लीत असे कितीतरी आहेत. त्यांना ते बिल म्हणजे शेवटचा आकडा एवढेच असते. गंमत अशी की 'बाकी' हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे, आणि तेवढा मात्र सर्वांना नीट कळतो.

त्या गृहस्थांनी एक प्रश्न केला तो मला अजून बोचतो: "एकतीस महिने बिल कमी येत होते तेव्हा तुम्ही का आला नाहीत?" ह्याला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. रोज दुसऱ्यांचे ताळेबंद जुळवतो आणि घरातल्या मीटरकडे कधी मान वर करून पाहिले नाही. पण चूक दोघांची आहे असे म्हटले तर भुर्दंडही दोघांचा हवा; तो सगळा एकाच्याच अंगावर का?

आता कायद्याविषयी थोडे, कारण आपल्यापैकी अनेकांचा समज चुकीचा आहे. माझाही होता. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५६ मध्ये असे आहे की रक्कम प्रथम देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर ती वसूल करता येत नाही, सतत बाकी म्हणून दाखवली असेल तर गोष्ट वेगळी. हे वाचून मी आनंदाने उडालो. एकतीसातले सात महिने तर सुटले! परंतु 'प्रथम देय' म्हणजे केव्हा? सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी २०२० रोजी राजस्थानातील एका खटल्यात सांगितले की विजेच्या वापराने दायित्व निर्माण होते, पण रक्कम देय होते ती बिल निघाल्यावर. तेथे चुकीचा दर २००९ ते २०११ ह्या काळात लागला होता आणि जादा बिल २०१४ साली निघाले. न्यायालयाने कंपनीला वसुलीचे इतर मार्ग मोकळे ठेवले. मात्र त्या जादा मागणीसाठी जोडणी तोडता येणार नाही असे म्हटले. २०२१ साली हरियाणातील एका गिरणीच्या प्रकरणात तर असे ठरले की मागे निसटलेली आकारणी ह्या दोन वर्षांच्या अटीत बसतच नाही. न्यायालयापुढे मी कोण? पण एक शंका येते. मामांनी उधारीवर साखर दिली आणि मुदत ठरवली नाही, तर मुदतीच्या कायद्याने त्यांना माल दिल्यापासून तीन वर्षांत दावा करावा लागतो; चूक नंतर उघड झाली तरच काय ती सूट. येथे तर जो वेळेवर वाचत नाही त्याची मुदत आपोआप लांबत जाते. मग वेळेवर वाचण्याची घाई त्याला कशाला असेल?

कलम ५६ मध्येच ग्राहकाच्या बाजूचीही एक गोष्ट आहे, ती फारच थोड्यांना ठाऊक असते. जोडणी तोडण्यापूर्वी पुरे पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि ग्राहकाने मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरी आकाराने होणारी रक्कम, ह्यांपैकी जी कमी असेल ती 'निषेधासह' भरली, तर वाद मिटेपर्यंत जोडणी तोडता येत नाही. आमची सहा महिन्यांची सरासरी किती? शून्य! शून्य रुपये निषेधासह कसे भरावेत हे कार्यालयात कोणालाच सांगता येईना. शेवटी बाबांनी दोन हजार रुपये भरले आणि पावतीच्या मागे मी कन्नडमध्ये 'निषेधासह' असे लिहून शिक्का घेतला.

३१ डिसेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ग्राहकांच्या हक्कांचे नियम काढले. त्यांप्रमाणे एका आर्थिक वर्षात दोनपेक्षा अधिक वेळा अंदाजाचे बिल देता येत नाही, आणि मीटरपर्यंत पोचता आले नाही तर ग्राहक स्वतः मीटरचे छायाचित्र पाठवू शकतो. नियम चांगला आहे. पण आमच्या बिलांवर 'अंदाज' असे कोठेही लिहिलेले नव्हते. अंदाज हा वाचन म्हणून छापला गेला होता. खोट्या नोंदीपुढे असा नियम आंधळा असतो. म्हणून माझे म्हणणे असे की, ग्राहकाने दाखवलेली बिलेच मीटर न वाचल्याची साक्ष देत असतील, तर ती रक्कम त्या त्या महिन्यांवर वाटून, त्या त्या महिन्याच्या सवलतीसह पुन्हा आकारणे कंपनीवर बंधनकारक असावे. ग्राहकाने अर्ज केला तर नव्हे, आपणहून.

मीटर वाचणाऱ्या त्या पहिल्या मुलाला मी दोष देतो खरा, पण तो कंत्राटावरचा, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. बंद दारापुढे परत परत येण्याचे त्याला कुणी पैसे देत नसावे. त्याच्यावरच्या माणसाने एकतीस महिन्यांत एकदाही ५२, ५४, ५१ ही ओळ पाहिली नाही, त्याचे काय?

कार्यालयाने अर्धे ऐकले. रक्कम महिन्यांवर वाटून सहा हप्त्यांत भरण्यास त्यांनी मान्यता दिली. पण २०२२-२३ ची सरासरी बदलणे आमच्या हातात नाही, ती वरून आली आहे, असे त्यांचे म्हणणे. म्हणून कलम ४२ प्रमाणे असलेल्या तक्रार निवारण मंचाकडे आम्ही अर्ज केला आहे. तेथेही नाही ऐकले तर पुढे लोकपालाकडे जाता येते. दरम्यान गल्लीतील चार घरांनी माझ्या कन्नड अर्जाची नक्कल मागून नेली. त्यांपैकी दोन घरे कन्नड आहेत, आणि त्यांनी माझ्या व्याकरणाच्या सात चुका काढून दिल्या.

मीटरखाली आता खिळ्याला एक वही टांगली आहे. दर महिन्याच्या एक तारखेला बाबा चष्मा लावून आकडा उतरवतात आणि आई शेजारी सही करते. सुनावणीची तारीख मिळाली आहे. त्याच दिवशी सकाळी माझा कॉस्टिंगचा पेपर आहे. तो संपला की सायकलवरून थेट तिकडे जायचे ठरले आहे, बिलांची तार पिशवीत घालून.