वाट पाहणाऱ्याचा वेळ

निमंत्रणपत्रिकेवर 'ठीक पाच वाजता' असे छापलेले असते. खाली आणखी एक ओळ असते : 'कृपया वेळेवर उपस्थित राहावे.' पावणेपाचलाच सभागृहात येऊन बसणारी माणसे या ओळीवर विश्वास ठेवणारी असतात. पाच वाजतात, सव्वापाच होतात. 'पाहुणे निघाले आहेत', अशी घोषणा ध्वनिक्षेपकावरून होते. पावणेसहाला पाहुणे येतात, टाळ्या वाजतात आणि कार्यक्रम सुरू होतो. आपल्या व्यग्र दिनक्रमातून अमूल्य वेळ काढून आल्याबद्दल पाहुण्यांचे आभार मानले जातात. वेळेवर आलेल्यांची क्षमा मात्र कोणीही मागत नाही. दोनशे श्रोत्यांचा प्रत्येकी पाऊण तास, म्हणजे एकूण दीडशे तास गेले. त्या वेळाला काही मूल्य नव्हते काय?

वक्तशीरपणाविषयी लिहिताना ती यशाची गुरुकिल्ली आहे, असे सांगण्याची प्रथा आहे. मला तो मुद्दा गौण वाटतो. उशीर करूनही मानाने मिरवणारी माणसे आपण नित्य पाहतो. उशिराची किंमत कोण मोजतो, हा खरा प्रश्न आहे. आणि ती बहुधा उशीर करणारा मोजत नाही. तुमच्यापैकी अनेकजण दिवसभराचे काम उरकून अभ्यासाला बसत असतील. वेळ किती महाग असतो, हे तुम्हांला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

वेळेचे भान आपल्याला परकीयांनी शिकवले, असेही काहीजण म्हणतात. हा समज चुकीचा आहे. यांत्रिक घड्याळे येण्यापूर्वी आपल्याकडे घटिकापात्र होते. तळाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्याने भरलेल्या भांड्यात तरंगत ठेवीत. छिद्रातून पाणी शिरून वाटी हळूहळू भरे आणि बुडे. वाटी बुडाली, की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे, पूर्ण झाली असे समजत. अशा ६० घटकांचा एक दिवस, आणि घटकेचा साठावा भाग म्हणजे पळ. 'घटकाभर बसा', 'पळभर थांबा' असे आपण सहज म्हणतो, ते शब्द या काटेकोर मोजणीतले आहेत. लग्नघरी घटिकापात्रावर डोळा ठेवून मुहूर्त साधला जाई. आज मनगटावर अचूक घड्याळ आणि खिशात भ्रमणध्वनी असतो, तरी मुहूर्त टळून जातो आणि वरात अजून कोपऱ्यावर नाचत असते! साधनांची उणीव ही आपली अडचण कधीच नव्हती.

आगगाडी आणि कारखाने आले, तेव्हा मिनिटामिनिटाला महत्त्व आले. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ अमलात आली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटांनी मागे होती. मुंबईत या बदलाला मोठा विरोध झाला आणि पुढे कित्येक वर्षे त्या एका शहरात दोन वेळा नांदत राहिल्या. त्याच जानेवारीत गिरणी कामगारांनीही काम थांबवून निषेध केला. घड्याळाचे काटे पुढे सरकवले, की त्यांना तेवढेच लवकर कामावर हजर व्हावे लागणार होते. वेळ ठरवणारे एक आणि ती पाळणारे दुसरे, हे त्यांनी नेमके ओळखले होते. पुढेही गिरणीच्या दाराशी रोज सकाळी बदली कामगार उभे असत. नेहमीचा माणूस आला नाही, तर त्याचे त्या दिवसाचे काम बदलीला मिळे. रोजंदारीवर जगणाऱ्याला आजही ही धास्ती ठाऊक आहे. त्याला मिनिटांचा हिशेब द्यावा लागतो. व्यासपीठावरच्या पाहुण्यांना तासाचाही द्यावा लागत नाही.

अर्थात, उशिरा येणारे सगळे सारखे नसतात. नळाला पाणी आल्याशिवाय घर सोडता न येणारी गृहिणी किंवा एक बस चुकल्यावर दुसरीसाठी तासभर तिष्ठणारा प्रवासी यांना दोष देणे अन्यायाचे होईल. माझा आक्षेप आहे तो 'आपल्यावाचून काही सुरू होणार नाही', या खात्रीतून होणाऱ्या उशिराला.

'मोठ्या माणसांना थोडे मागेपुढे होणारच', असे यावर कोणी म्हणेल. गांधीजी नेहमी स्वतःजवळ घड्याळ बाळगीत. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीच्या बिर्ला भवनात सरदार पटेलांशी त्यांचे बोलणे लांबले. सायंप्रार्थनेची वेळ पाचची होती. गांधीजींना सुमारे दहा मिनिटांचा उशीर झाला. प्रार्थनास्थळाकडे जाता जाता, उशीर होणे आपल्याला मुळीच आवडत नाही, असे त्यांनी मनू आणि आभा यांना बोलून दाखवले. त्यानंतर काही क्षणांतच त्यांची हत्या झाली. देशाच्या उपपंतप्रधानांशी चाललेली चर्चा काही क्षुल्लक नव्हती. तरीही हिरवळीवर वाट पाहत बसलेल्या सामान्य माणसांचा वेळ त्यांना आपल्या वेळाइतकाच मोलाचा वाटत होता.

हे लिहिताना मला स्वतःची एक चूक आठवते. काही वर्षांपूर्वी मी सायंकाळी सहा ते सात प्रौढांचा वर्ग घेत असे. एके दिवशी एक बैठक लांबली आणि मी पंचवीस मिनिटे उशिरा वर्गावर पोचले. दिलगिरीचा एक शब्दही न बोलता मी शिकवायला आरंभ केला. पावणेसात वाजता एक विद्यार्थिनी वही मिटून उठली. ती चार घरी स्वयंपाकाचे काम करीत असे.

"बाई, मला आता निघायला हवं," ती म्हणाली. "आज वर्गाला येता यावं म्हणून एका घरचा स्वयंपाक दुपारीच करून ठेवला होता. राहिलेला धडा पुढच्या वेळी पुन्हा सांगाल का?"

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. पुढच्या आठवड्यात मी सहाच्या ठोक्याला वर्गात उभी राहिले आणि तो धडा पहिल्यापासून शिकवला. त्या दिवशी तिला येता आले नाही.